देऊळ वर आले, वाडा वर आला नाही



२०२४ सालच्या उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी फार खाली गेले. जूनच्या सुरुवातीला साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता. साठा उणे कसा होतो, असे मुले विचारतात म्हणून सांगतो. धरणाच्या तळाशी काही पाणी राखीव असते, त्याला मृतसाठा म्हणतात. त्याला हात लागला की आकडा शून्याच्या खाली जातो. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्यातले ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठ्याचेच आहे. तेव्हा उणे साठ म्हणजे भीमामाईचे पोट पाठीला लागले, असे समजा.

पाणी हटले आणि इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव वर आले. पळसनाथाचे देऊळ उघडे पडले. बारामतीहून, पुण्याहून, सोलापूरहून माणसे बघायला लोटली. आमच्या वस्तीतली पोरेही भिगवणमार्गे जाऊन आली आणि मोबाईलवरचे फोटो घरोघर दाखवू लागली. शेजारच्या एका आजींनाही त्यांनी फोटो दाखवले. आजींचे माहेर भीमेकाठच्याच एका बुडालेल्या गावातले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला आणि विचारले, "देऊळ दिसलं व्हय रं? मंग आमचा वाडा कुठं दिसला का?"

पोरांजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमच्याजवळही नव्हते. त्या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला थेट इजिप्त देशातले एक देऊळ आठवले. ते कसे, ते या वेळी सांगणार आहोत.

आधी पळसदेवची ओळख करून घेऊ. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण सोडून इंदापूरकडे निघाले की वाटेत पळसदेव लागते. हे नवे, पुनर्वसनाचे गाव. जुने गाव भीमेच्या काठाला होते. माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ १९६९ साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९८० साली ते पुरे झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाणी चढत गेले आणि इंदापूर, दौंड, करमाळा, माढा, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची गावे एकामागून एक पाण्यात गेली. त्या पाण्याला आज यशवंतसागर म्हणतात. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात आणि शहरातली माणसे होडीत बसून ते बघायला येतात. होडी कोणाच्या अंगणावरून चालली आहे, हे बघणाऱ्याला ठाऊक नसते.

पळसनाथाचे देऊळ जुन्या घडीव दगडाचे आहे. शिखरावर लहान लहान शिखरांच्या रांगा आहेत. आवारात वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत. पाऊसकाळ चांगला झाला की ते पाण्यात जाते आणि दुष्काळ पडला की वर येते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्याचा हा खेळ चालला आहे.

आता इजिप्तकडे वळू. तिथे नाईल नदीच्या दक्षिण भागात आस्वान नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ नदीच्या पात्रात फिले नावाचे छोटे बेट होते. त्या बेटावर आयसिस नावाच्या देवीचे मोठे देवस्थान होते. एकटे देऊळ नव्हे. मुख्य मंदिर, त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, उंच दरवाजे, भोवती लहान देवळे, रोमच्या ट्राजन बादशहाच्या नावाने ओळखला जाणारा मंडप, असा सगळा पसारा होता. त्यातले आज उभे असलेले सर्वांत जुने बांधकाम नेक्टानेबो पहिला या राजाच्या वेळचे, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले. पुढे ग्रीक वंशाचे टॉलेमी राजे आले. त्यांनी मुख्य मंदिर बांधले. मग रोमन आले, त्यांनीही भर घातली. राजे बदलले, पण देवस्थान वाढतच राहिले.

पुढे सगळीकडे ख्रिस्ती धर्म पसरला. इजिप्तमधली जुनी देवळे बंद पडत गेली, पण देशाच्या सीमेवरच्या फिलेला पूजा चालू होती. अखेर सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने तीही बंद पाडली. देवळाच्या एका भागात चर्च झाले. भिंतींवर क्रूस कोरले गेले आणि जुन्या देवांचे चेहरे छिन्नीने उडवले गेले.

हे वाचून आपल्या वाचकांना नवल वाटणार नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ लेण्याद्री आहे. बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेल्या विहारात आज गणपती बसला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे देऊळ उभे आहे. देव बदलतात, पुजारी बदलतात. दगड मात्र आपली जुनी साक्ष सोडत नाही. फक्त ती वाचणारा पाहिजे.

फिलेची खरी परीक्षा मात्र धर्मापायी झाली नाही, पाण्यापायी झाली. इंग्रजांच्या अमलात १९०२ साली आस्वानला पहिले धरण पुरे झाले. पुढे त्याची उंची दोनदा वाढवली. त्यामुळे फिले वर्षातले बरेच महिने पाण्यात राहू लागले. नाईलच्या पुराच्या दिवसांत धरणाचे दरवाजे उघडले की देऊळ वर यायचे, दरवाजे बंद झाले की पुन्हा बुडायचे. खांबांच्या मधून लोक होड्या घालून फिरत. दोन हजार वर्षे टिकलेले भिंतींवरचे रंग त्या पाण्याने धुऊन नेले. पळसनाथासारखेच झाले की नाही? फरक एवढाच की, पळसनाथ दुष्काळाची वाट बघतो आणि फिले पुराची वाट बघत होते.

मग १९६० साली इजिप्त सरकारने आस्वानला दुसरे, फार मोठे धरण बांधायला घेतले. फिले दोन धरणांच्या मधे सापडले. तिथले पाणी रोज चढणार-उतरणार आणि दगड झिजत जाणार, हे उघड होते. धरणाच्या वरच्या अंगाला तर शेकडो मैलांचा प्रदेश बुडणार होता आणि त्यात अबू सिंबेलसारखी डोंगरात कोरलेली प्रचंड देवळे होती. तेव्हा युनेस्को या जागतिक संस्थेने ८ मार्च १९६० रोजी सगळ्या जगाला मदतीची हाक दिली. अनेक देशांनी पैसा दिला, माणसे दिली. आपल्या भारतानेही पुरातत्त्व खात्याची तुकडी १९६१-६२ साली तिकडे उत्खननाला पाठवली होती. तिचे प्रमुख बी. बी. लाल होते.

अबू सिंबेलची देवळे कापून, तुकडे करून १९६४ ते १९६८ या काळात सुमारे ६५ मीटर उंच जागी नेऊन पुन्हा जुळवली. फिलेचे काम त्यानंतर झाले. बेटाभोवती पोलादी पत्र्यांचा बांध घातला. आतले पाणी पंपाने उपसले. चिखल काढला. मग एकेक दगड मोजून, त्यावर आकडा टाकून उतरवला. असे चाळीस हजारांच्या आसपास दगड होते. शेजारी आगिल्किया नावाचे उंच बेट होते. त्याला सुरुंगाने फोडून, तासून फिलेच्या बेटाचा आकार दिला आणि त्यावर देवस्थान जसेच्या तसे उभे केले. १० मार्च १९८० रोजी ते पुन्हा लोकांसाठी उघडले.

साल ध्यानात ठेवा. १९८०. तिकडे फिले पाण्याबाहेर सुखरूप उभे राहिले आणि त्याच साली इकडे आपले उजनी पुरे झाले.

फिलेची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत, टीव्हीवर नेहमी इथपर्यंतच सांगतात. आजींचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. वाड्याचे काय झाले?

आस्वानच्या वरच्या अंगाला नाईलच्या दोन्ही काठांना न्युबियन लोक राहत. रंगाने काळे, भाषा वेगळी, शेती नदीकाठच्या पट्ट्याची, खजुराची झाडे. त्यांची घरे मातीची. पण घराच्या दर्शनी भिंती ते रंगवून सजवत, भिंतीत चिनीमातीच्या बशा बसवत. मोठे धरण झाले तेव्हा इजिप्त आणि सुदान या दोन देशांत मिळून सुमारे एक लाख न्युबियन लोकांना उठावे लागले. इजिप्तमधल्या लोकांना १९६३-६४ साली कोम ओम्बो गावाच्या बाजूला, नदीपासून दूर सरकारी घरांत नेऊन बसवले. सुदानमधल्यांना तर शेकडो मैल दूर नेले. देवळांच्या दगडांवर आकडे पडले आणि प्रत्येक दगड आपापल्या जागी पोहोचला. माणसे मात्र नदी सोडून गेली. त्यांची मातीची घरे पाण्यात विरघळली. त्यांची मुले-नातवंडे आजही जुन्या काठावर परत बसवा म्हणून मागणी करतात.

असेच आपल्या देशात, आपल्या धम्माच्या एका ठिकाणी घडले आहे. ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आंध्रात कृष्णा नदीच्या खोऱ्यात नागार्जुनकोंडा आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकात तिथे इक्ष्वाकू राजांची विजयपुरी ही राजधानी होती. त्या एका खोऱ्यात तीसहून अधिक बौद्ध स्तूप-विहारांचे अवशेष सापडले. सिंहलच्या भिक्खूंसाठी वेगळा विहार होता. तिथल्या महाचैत्याला दान देणारी चांतिसिरी ही राजघराण्यातली बाई. बोधिसिरी नावाच्या उपासिकेचाही लेख तिथे आहे. १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. खोरे बुडणार म्हणून १९५४ ते १९६० मोठे उत्खनन केले. मोजके स्तूप आणि विहार विटा-दगड नेऊन डोंगरमाथ्यावर व काठावर पुन्हा रचले. तो डोंगरमाथा आता बेट झाला आहे आणि तिथे वस्तुसंग्रहालय आहे. बाकीची विजयपुरी पाण्याखाली आहे.

म्हणजे जे दगडाचे होते आणि ज्याच्यासाठी बोलणारे कोणी होते, ते वाचले. जे मातीचे होते, ते गेले.

यावरून धरणेच नकोत, असा अर्थ कोणी काढू नये. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही कामेही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या देखरेखीत आकाराला आली. १९४५ साली नद्यांच्या पाण्यासाठी देशपातळीवर आयोग स्थापन झाला, त्यातही त्यांचाच पुढाकार होता. पाणी अडवावे, त्यातून गरिबाच्या घरी दिवा लागावा आणि शेत भिजावे, अशीच त्यांची दृष्टी होती. उजनीच्या पाण्याने इंदापूर-सोलापूरकडची शेते हिरवी झाली, ऊस आला, कारखाने आले. आपल्यातलीही कित्येक घरे त्या कामावर जगली. हे नाकारण्यात शहाणपण नाही.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याच्या नुकसानीची कागदावर नोंद झाली. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, त्याचे काय गेले हे कोण मोजणार? नदीकाठचे माळवे, वाळूतली कलिंगडे, मासे, सरपण, गावातली बलुत्याची-मजुरीची कामे, हे सारे पाण्यात गेले; त्याला भरपाईचा रकाना नव्हता. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. उजनीचे काम तर १९६९ पासून चालू होते. कायदा आला तेव्हा पाणी गावांच्या वेशीजवळ येत होते.

कोणी म्हणेल, पळसनाथाच्या देवळाशी आपला काय संबंध? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. बरोबर आहे. तो देव आपला नाही. त्या काळी गावोगावच्या देवळांची पायरी आपल्या आज्या-पणज्यांना बंदच होती, हेही आपण विसरलेलो नाही. पण गाव आपले होते. वेशीबाहेरचा का होईना, वाडा आपला होता. १९५६ नंतर त्याच वाड्याला बौद्धवाडा म्हणू लागले, तिथेच पंचशीलाचा झेंडा लागला, तिथेच पहिली बुद्धवंदना झाली. देवळाचा इतिहास लिहायला पुष्कळ लोक आहेत. या वाड्याचा इतिहास लिहायला आपल्यावाचून कोणी नाही.

आता फिलेची एक गोष्ट राहिली आहे, ती सांगून मुद्द्यावर येतो. इजिप्तची जुनी चित्रलिपी तुम्ही चित्रांत पाहिली असेल. त्या लिपीतला आज ठाऊक असलेला सर्वांत शेवटचा लेख फिलेच्या भिंतीवर आहे. २४ ऑगस्ट ३९४ रोजी एस्मेत-आखोम नावाच्या पुजाऱ्याने तो कोरला. त्यानंतर ती लिपी वाचणारे संपले. सुमारे चौदाशे वर्षे भिंती लेखांनी भरलेल्या होत्या आणि वाचणारा कोणी नव्हता. १८२२ साली शाँपोल्यों या फ्रेंच विद्वानाने ती उलगडली. रोझेटा गावच्या शिळेबरोबरच फिलेहून नेलेल्या एका दगडी स्तंभाचाही त्यात उपयोग झाला. तिथे किल्ली ठरली ती राजा-राण्यांची नावे. टॉलेमी आणि क्लिओपात्रा.

आपल्याकडेही असेच झाले होते. सम्राट अशोकाचे लेख देशभर उभे होते आणि वाचणारा कोणी नव्हता. लोक लेण्यांना पांडवलेणी म्हणत आणि स्तंभांना भीमाची लाठी म्हणत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली. कशी? सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर पुष्कळ छोटे छोटे लेख होते. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. प्रिन्सेप यांनी ताडले की, हे 'दान' असावे. अमक्याचे दान, तमकीचे दान. ते खरे निघाले आणि त्या दोन अक्षरांवरून बाकीची अक्षरे सुटत गेली.

हे लेख राजांचे नव्हते. त्यांत गृहस्थ होते, बायका होत्या, भिक्खुणी होत्या, कारागीर होते. आपल्या कार्ल्याच्या लेण्यातही धेनुकाकटच्या सुताराचे नाव आहे, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव आहे. एकेका माणसाने आपल्या नावाची एकेक ओळ लिहून ठेवली होती. त्या साध्या माणसांच्या एकेका ओळीने दोन हजार वर्षांनी देवानंपिय पियदसी राजाचा आवाज आपल्या कानी आला. अशी एका ओळीची किंमत असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. उजनीने उठवलेल्या गावांतून बारामती, इंदापूर, भिगवण, पिंपरी-चिंचवड इथे येऊन स्थिरावलेली आपली पुष्कळ कुटुंबे आहेत. जे त्या वेळी वीस-पंचवीस वर्षांचे होते, ते आज सत्तरीच्या घरात आहेत. पाणी चढताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, ती माणसे अजून आपल्यात आहेत, पण फार दिवस असणार नाहीत. एक दोनशे पानी वही घ्या. मुलांना आजी-आजोबांजवळ बसवा आणि विचारायला सांगा. वाड्यात किती घरे होती? कोण कोणाच्या शेजारी राहत होते? पाणी कोणत्या झऱ्यावरून आणत होते, आणि कोणती विहीर बंद होती? गावात दीक्षेची बातमी कशी आली? झेंडा कुठे लावला होता? पाणी आले तेव्हा घरातून काय काय काढून आणले? नकाशा काढायला सांगा, वेडावाकडा का होईना. जुने कागद असतील, नोटिसा असतील, एखादा फोटो असेल, तर वहीत जपून ठेवा. आणि वह्या विहारात एकत्र ठेवा. एकाच्या वहीत राहिलेले दुसऱ्याच्या वहीत सापडेल.

आम्ही आमच्या शेजारच्या आजींपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? मी अडाणी." दुसऱ्या दिवशी एक घर आठवले, तिसऱ्या दिवशी सात. आता तेवीस घरांची नावे झाली आहेत. चिंचेचे झाड कुठे होते, यावरून आजींचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे भांडण चालू आहे. नातीने दोन्ही जागी झाड काढून ठेवले आहे.

पुढचा दुष्काळ येईल तेव्हा देऊळ पुन्हा वर येईल. लोक पुन्हा फोटो काढतील. वाडा काही वर येणार नाही. मातीच्या भिंती पहिल्याच पावसाळ्यात विरघळल्या. पण त्या दिवशी एखाद्या पोराने विचारले की, आपले घर कुठे होते, तर त्याच्या हातात द्यायला आपल्याजवळ एक वही असावी.

नमो बुद्धाय! जयभीम!